उचल अंगावर, कर्ज कोर्सवर

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळ. जागा: तालुक्याच्या सहकारी बँकेत चेअरमनची केबिन. पाऊस नाही. गावात टँकर परवा येऊन गेला होता.

हजर: बापूसाहेब, बँकेचे चेअरमन. मॅनेजर. आमचा मुकादम, म्हणजे माझ्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाला राहिलेला जामीनदार. माझे मालक, म्हणजे नवरा. माझी मुलगी शीतल. आणि मी.

आधी हजेरी लिहायची, मग बाकीचं, ही सवय मला उसाच्या फडात लागली. आमच्या टोळीत दहावी झालेली मी एकटीच. म्हणून मुकादमाने पहिल्याच वर्षी वही माझ्याकडे दिली. कोण आलं, कोण नाही आलं, कुणाचा खाडा पडला, ते लिहून मग मी कोयता हातात घ्यायचे. चाळिशी उलटली. सवय गेली नाही.

बापूसाहेबांचा सोमवार होता. समोर साबुदाण्याच्या खिचडीची ताटली, वर दही. केबिनमध्ये खुर्च्या रिकाम्या होत्या. मुकादमाला बस म्हणाले, तो बसला. आम्हाला कुणी म्हणालं नाही. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे राहिलो.

शीतलने सगळं नीट सांगितलं. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष झालं, पण ते पुढे करायचं नाही. बी.एस्सी. नर्सिंगला स्वतःच्या गुणांवर नंबर लागला आहे. कर्जाचा पुढचा हप्ता आता नव्या कॉलेजच्या नावाने पाठवावा, एवढी विनंती.

बापूसाहेबांनी घास गिळला.

"कोर्स बदलला?"

"हो."

"कुणाला इचारून?"

मी पुढे झाले. म्हणाले, "बापूसाहेब, आमाला वाटलं, नवं कॉलेज जुन्याचं काय आसंल ते बघून घेईल. कर्ज तिच्याच नावावर हाय की. पोरगी जिकडं, तिकडं कर्ज."

त्यांनी चमचा ताटलीत ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले.

"मुकादम बदलायलीस काय गं? बँक हाय ही. टोळी न्हाई!"

मुकादम सगळ्यांत मोठ्यांदा हसला. मॅनेजर फाईलकडे बघून हसला. आणि माझे मालकही हसले. भीतीने हसले, हे मला कळत होतं. तरी तेच जास्त लागलं.

हसू संपल्यावर बापूसाहेब म्हणाले, "तुमा लोकाला सवयच हाय. एकाची उचल घ्यायची, दुसऱ्याकडं पळायचं. पोरगी बी तसलीच निघाली."

आमच्या चार पिढ्यांत उचल घेऊन कुणी पळालेलं नाही. आजारपणात पळालो नाही. मी बाळंत होऊन आठवडा झाला नव्हता तेव्हाही फडात उभी होते. हे सगळं मला तिथे म्हणता आलं असतं.

आम्हाला तसं का वाटलं, ते सांगते. शिकलेल्या माणसाला ते वेडेपणाचं वाटेल. आमच्याकडे दुसरी रीतच माहीत नाही.

ऊसतोडीला जायच्या आधी, दसऱ्याच्या आगेमागे, मुकादम उचल देतो, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे. ती नवराबायकोच्या जोडीला मिळते. त्या जोडीलाच कोयता म्हणतात. माणसं दोन, मोजायचा कोयता एक. उचल अंगावर असते. मुकादम वाईट निघाला, शिव्या देणारा निघाला, तर पुढच्या वर्षी दुसरा धरायचा. नवा मुकादम जुन्याच्या दारात जातो, आमची काय बाकी असेल ती मिटवतो आणि आम्हाला आपल्या टोळीत घेतो. उचल फिरली म्हणायचं. तुम्ही सांगलीकडचा ऊस तोडणार की कर्नाटकातला, हे उचलीला कुणी विचारत नाही. दोन हात जिकडे जातील तिकडे उचल जाते.

शीतलचा फोन आला तेव्हा आम्ही कारखान्यावर होतो. भाकरी थापायची वेळ. कोपीच्या, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीच्या, तोंडाशी चूल. शीतल म्हणाली, "आई, मला हे होत नाही. शिकवायला माणूसच येत नाही. वर्कशॉपला कुलूप आहे. नर्सिंगची परीक्षा देऊ का?"

मी मालकांकडे बघितलं. मालकांनी शेजारी बसलेल्या मुकादमाकडे बघितलं. तो आमच्याच चुलीवरचा चहा पीत होता.

"कोर्स बदलायचा म्हणती पोरगी. कर्जाचं कसं?" मालकांनी विचारलं.

"त्यात काय? फिरवायची उचल. बँकेला काय, व्याजाशी मतलब."

जामीनदार तो. त्यानेच सांगितलं. मी फोनवर म्हणाले, "दे परीक्षा."

तोच माणूस त्या सोमवारी खुर्चीत बसून सगळ्यांत मोठ्यांदा हसला.

कर्ज मिळालं कसं, तेही सांगायला पाहिजे. आम्ही मागायला गेलो नव्हतो.

त्या सोमवारच्या आदल्या वर्षी बँकेची निवडणूक होती आणि दुष्काळही होता. बापूसाहेबांच्या संस्थेने माळावर जनावरांची छावणी उघडली. आमची बैलजोडी तिथेच होती. छावणीत दावणीच्या मधोमध स्टेज टाकलं, मंडप घातला. बारावीला चांगले गुण पडलेली ऊसतोड कामगाराची मुलगी शोधत होते. ती आमची निघाली. शीतलला वर बोलावलं, हार घातला. बापूसाहेबांनी माईक तिच्या तोंडाजवळ धरला.

"काय व्हायचंय, पोरी?"

"नर्स."

त्यांनी माईक बाजूला घेतला. मी खाली पहिल्या रांगेत होते, मला ऐकू आलं. "नर्स कशाला? इंजिनिअर म्हन. फोटो यायलाय पेपरात." मग माईकमध्ये त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "आमची लेक इंजिनिअर होणार!" टाळ्या पडल्या. मागे बैल हंबरत होते.

तिला नर्स का व्हायचं होतं, हे कुणी विचारलं नाही. मी सांगते. माझी पिशवी काढली तेव्हा ती नववीत होती. टोळीतल्या बऱ्याच बायकांची अशीच काढलेली. पाळीचे खाडे पडत नाहीत म्हणून. डॉक्टरने माझ्या मालकांना सांगितलं, मुकादमाला सांगितलं, मला नाही. दोन दिवसांनी एक नर्स खाटेवर माझ्या पायाशी येऊन बसली. पोटातून काय काढलं, आता काय काय होईल, काय उचलायचं नाही, हे तिने मला सांगितलं. शीतल उशाशी होती. त्या दवाखान्यात माझ्याशी बोललेलं ते एकच माणूस.

इंजिनिअरिंगचं कॉलेज बापूसाहेबांच्या व्याह्यांचं. दुष्काळात मुलं येईनाशी झाली होती, जागा रिकाम्या पडल्या होत्या. त्यातली एक शीतलने भरली. मुकादमाला बागायत जमीन, म्हणून तो जामीन. तोही फुकट राहिला नाही. कर्ज फिटेपर्यंत आमचा कोयता त्याच्याच टोळीत, असं ठरलं. पैसे आम्ही डोळ्यांनी बघितले नाहीत. बँकेतून निघाले आणि व्याह्यांच्या कॉलेजात जमा झाले. मधल्या कागदावर नाव शीतलचं.

पुढे त्याच स्टेजवर मंजुरीचं पत्र वाचून दाखवलं, पण पहिलंच पान. अटी मागच्या पानांवर, इंग्रजीत. त्या कुणी वाचल्या नाहीत.

त्या सोमवारी त्या अटी मॅनेजरने सांगितल्या. आवाज चढवला नाही. तो माणूस कधीच चढवत नाही.

"हे बघा ताई, कर्ज विद्यार्थ्याला असतं, पण ठरलेल्या कोर्ससाठी आणि ठरलेल्या कॉलेजसाठी. मध्ये कोर्स सोडला की पुढचे हप्ते थांबतात. शिक्षण चालू असतानाचं व्याज सरकार भरतं, ती सवलत जाते. आणि ती एकदाच मिळते. परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होणार होती, ती आता कोर्स सोडल्यापासून धरायची."

"मग नव्या कोर्सला नवं कर्ज द्या."

"जुनं उभं असताना नवं कसं देणार? आणि दिलं तरी एकूण मर्यादेतून पहिल्या वर्षाचे वजा होतील. उरलेल्यात नर्सिंगची चार वर्षं बसणार नाहीत."

शीतलने विचारलं, "सर, यातून काहीच मार्ग नाही?"

"बदलायच्या आधी अर्ज करून बँकेची परवानगी घेतली असती, तर विचार झाला असता."

"आता करते. आत्ता इथे लिहून देते."

मॅनेजरने तिच्याकडे बघितलं नाही. बापूसाहेबांकडे बघितलं. बापूसाहेब दही ढवळत होते.

तेव्हा मला कळलं. एकदम कळलं, आणि त्यात काही बरं वाटण्यासारखं नव्हतं. उचल मिळते ती आमच्या हातांवर. हे कर्ज मिळालं होतं ते व्याह्यांच्या रिकाम्या जागेवर, पेपरातल्या फोटोवर. शीतलवर कुणी काही दिलंच नव्हतं. तिचं एक वर्ष गेलं, त्याला बँकेच्या हिशेबात काही नाव नाही. आमच्या वहीत निदान खाडा तरी लिहितात.

खिचडी संपली. बापूसाहेबांनी तोंड पुसलं आणि सूर बदलला. आता ते उपकार करणार होते.

"हे बघ पोरी. व्याह्याला मी फोन करतो. तुझी जागा हाय तिथंच हाय. दुसऱ्या वर्षाला जाऊन बस. हप्ता चालू राहील. झालं गेलं इसरून जाऊ. फकस्त लिहून दे."

कागद तयार होता. आम्ही यायच्या आधीच टाइप करून ठेवलेला. शीतलने वाचला, मीही तिच्या खांद्यावरून वाचला. नर्सिंगचा चुकीचा निर्णय मी मागे घेते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्वखुशीने जात आहे. झालेल्या चुकीबद्दल बँकेची व मा. चेअरमन साहेबांची माफी मागते. खाली तिच्या सहीची जागा, त्याखाली आईवडिलांची संमती.

मालक हळूच म्हणाले, "कर बाई सही. वर्सं जात्यात निघून."

मुकादम म्हणाला, "कर, कर. माझा जीव नको टांगून ठिवू."

शीतलने पेन हातात घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. ती सही करणार होती. आमच्यासाठी करणार होती.

बापूसाहेबांनी ड्रॉवर उघडला. शाईचं पॅड काढलं, झाकण उघडलं आणि टेबलावरून माझ्यापुढे सरकवलं. "तू अंगठा लाव गं तवर."

गेल्या वर्षी याच टेबलावर, याच माणसासमोर मी सह्या केल्या होत्या. पानापानावर, पूर्ण नाव लिहून. ते त्यांनी बघितलंही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना माझ्या हाताच्या टोकाला अंगठाच दिसत होता.

मी पॅडचं झाकण लावलं. शीतलच्या हातातून पेन घेतलं, त्याचंही टोपण लावलं.

"सही येती मला. गेल्या साली तुमच्या म्होरंच केलीया. ह्या कागदावर करायची न्हाई."

कुणी हसलं नाही.

"मग घाल पोरीला फडात," बापूसाहेब म्हणाले.

"फडात मी जाती. तिला कोन घालतंय, ते बगती."

"लई बोलायलीस."

"बोलायचं न्हाई तर लिवून द्या. तुमी पैसे देत न्हाई म्हणायलात ना? का म्हून देत न्हाई, ते लिवा. सही करा, शिक्का मारा. मी जाती."

बापूसाहेब आता माझ्याशी बोललेच नाहीत. मॅनेजरला म्हणाले, "ते पॅड आत ठेव. आन चहा सांग, दूध जास्त टाक म्हणावं." आम्ही केबिनमध्ये होतो तसेच उभे होतो, आणि त्यांच्या लेखी आम्ही निघून गेलो होतो.

बाहेर एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मुकादमाने आम्हाला गाठलं. चांगलं बोलायला आला होता.

"वैनी, राग गिळा. माझ्याकडं इस्थळ हाय. पोरगं निर्व्यसनी, हाताला चपळ. दसऱ्याच्या आत लगीन उरकू. नवा कोयता होईल, उचल मीच देतो. त्यातून बँकेचं भरू. तुमी बी मोकळे, मी बी जामिनातून मोकळा."

शीतल म्हणाली, "काका, ह्यो कोणता कोर्स?"

टपरीवाला हसला. मुकादमाला हसावं की चिडावं कळेना. "तोंड बग पोरीचं," एवढंच म्हणाला. माझे मालक कपातल्या चहाकडे बघत राहिले. इस्थळाला ते नाही म्हणाले नाहीत. होही म्हणाले नाहीत. मी म्हणाले, "न्हाई."

गोष्ट इथे गोड होत नाही. नर्सिंग कॉलेजने गणपतीपर्यंत वाट बघितली. फी गेली नाही. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. त्यात त्या मुलीचा काही दोष नाही. शीतल आता बीडला एका खाजगी दवाखान्यात आहे. वॉर्ड पुसते, बेडपॅन उचलते. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, तेव्हा ती त्यांना दुरुस्त करते. पुढच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं तिच्या खोलीत आहेत. मी विचारत नाही, ती सांगत नाही.

नोटिसा येतात. शीतलच्या नावाने एक, जामीनदाराच्या नावाने एक. मुकादम आमच्या दारात येऊन ओरडून जातो. पाठोपाठ दसरा आला तसे आम्ही त्याच्याच टोळीत गेलो. उचल अंगावर होती, दुसरं काय करणार. फडात मी हजेरी लिहिते. तो वहीकडे बघत नाही, मी त्याच्याकडे बघत नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका सरकारी बँकेत मी जाऊन आले. तिथल्या बाईंनी बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. आशा दाखवली नाही, ते बरं केलं. म्हणाल्या, "आधीचं कर्ज उभं असताना अवघड आहे. पण वर तक्रार करायची असेल किंवा आम्ही विचार करायचा असेल, तर तुमच्या बँकेचा नकार लेखी पाहिजे. कारणासह. तोंडी नकाराला काही किंमत नाही."

म्हणून मी आमच्या बँकेत अर्ज दिला. कोर्स बदलल्यामुळे कर्ज का थांबवलं, हे लेखी कळवावं. पहिला अर्ज आवक नंबर न टाकता परत आला. दुसरा घेतला, पोच दिली नाही. तिसऱ्याच्या वेळी मॅनेजर म्हणाला, "ताई, लेखी कशाला? तोंडी सांगितलं की तुम्हाला." त्याला भीती वाटते हे मला दिसतं. कागदावर लिहायचं तर हेही लिहावं लागेल की अटी कुणी वाचून दाखवल्या नाहीत, बदलाचा अर्ज घ्यायची वेळ आली तेव्हा घेतला नाही, आणि माफीचा कागद मात्र आधीच टाइप झाला होता.

टोळी गावात परतली की दर सोमवारी मी बँकेत जाते. आता भिंतीला लागून उभी राहत नाही. कुणी म्हणायच्या आधी खुर्ची ओढते आणि बसते. शिपाई सुरुवातीला उठवायचा. आता उठवत नाही. केबिनच्या काचेतून बापूसाहेबांना मी दिसते, ते मान वळवतात. दुपारी बँक बंद होते तेव्हा मी उठते.

कर्ज मिळेल अशी मला आशा नाही. मॅनेजरला मी तसं स्पष्ट सांगितलं आहे. मला आता होकार नकोच. नकार पाहिजे. कारण लिहिलेला, सही केलेला, शिक्का मारलेला. तोंडी हाकललं की आम्ही गेलो, असं इतकी वर्षं चाललं. माझ्यापुरतं ते बंद.

कालच्या सोमवारची नोंद:

हजर: मी. बापूसाहेब, काचेमागे. मॅनेजर जेवायला गेलेले, बंद होईपर्यंत परत आले नाहीत.

बाकी काम: लेखी नकार.